उरलेल्या हाडाचा शोध

"हाडच उरलेलं नाही, इम्प्लांट बसणार नाहीत." जबडा झिजलेल्या माणसाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. पारशिवनीहून सकाळची एसटी धरून नागपूरला आलेला शेतकरी, कन्हानच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेला कामगार, कोलितमाऱ्याकडची म्हातारी, सगळ्यांना ते जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं जातं. ऐकणारा मान हलवतो, कवळीची डबी पिशवीत टाकतो आणि परत फिरतो. पुढे कुणाला विचारावं हे त्याला सुचत नाही, कारण त्या वाक्याचा सूर निकालाचा असतो.

ही पुस्तिका त्या वाक्यापाशी अडकलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या मुला-सुनांसाठी लिहिली आहे. ते वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. दात ज्या हाडात उभे होते ते हाड गेलेलं असतं, हे खरं. चेहऱ्याचा सांगाडा ज्या हाडांनी धरून ठेवला आहे, ती मात्र बहुतेकदा जागेवर असतात. अतिशय झिजलेल्या जबड्यासाठी आज जे उपचार आहेत, त्यांतले बरेचसे या एवढ्या एका फरकातून निघाले आहेत. म्हणून किती हाड गेलं हे ऐकून लगेच उठू नये. उरलं आहे ते कुठे, हेही विचारावं. या प्रस्तावनेत त्या प्रश्नाच्या उत्तराची ओळख करून द्यायची आहे.

आधी हाड जातं कसं ते पाहू. जबड्याच्या हाडाचा कडेचा भाग, ज्यात दातांची मुळं असतात, तो दातांबरोबर तयार होतो आणि दातांबरोबर संपतो. घास चावला की मुळाभोवतीच्या बारीक तंतूंमधून हाडाला ताण मिळतो, आणि त्या ताणावर ते हाड टिकतं. दात काढला की ताण थांबतो, आणि शरीर बिनकामाचं झालेलं हाड हळूहळू विरघळवून टाकतं. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत वेगाने होते, नंतर मंदावते, पण थांबत नाही. अँत्ये टालग्रेन या संशोधिकेने पूर्ण कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षं मापं घेतली आणि १९७२ साली निष्कर्ष मांडला की खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्या जबड्याच्या साधारण चौपट असते. वरची कवळी टाळूला चिकटून राहते आणि खालची मात्र जिभेच्या हालचालीसरशी उचलली जाते, याचं मोठं कारण इथे आहे.

कॉवूड आणि हॉवेल यांनी १९८८ साली या झिजेच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या. पहिल्या पायरीत दात जागेवर असतात, सहाव्या पायरीत कडेचं सगळं हाड संपून खालचं मूळ हाडही खचू लागलेलं असतं. सहाव्या पायरीवरचा खालचा जबडा एक्स-रेत जेमतेम करंगळीच्या जाडीचा दिसतो. ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस ज्या छिद्रातून बाहेर येते, ते छिद्र अशा जबड्यात झिजत झिजत थेट वरच्या कडेवर आलेलं असतं. कवळी नेमकी त्यावर टेकते. घास दाबला की ओठापर्यंत कळ जाते. "दात नाहीत तरी दात दुखतो" असं एखादी आजी सांगते आणि घरचे हसतात. आजी खरं बोलत असते, आणि तिचं दुखणं कवळी घासून संपणारं नसतं.

आपल्याकडे ही वेळ लवकर येते. हिरड्यांचा जुनाट आजार, ज्याला सगळे पायरिया म्हणतात, तो दात पडण्याआधीच मुळाभोवतीचं हाड खाऊन टाकतो. मधुमेह आटोक्यात नसेल तर त्याचा वेग वाढतो. त्यात तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांतले बहुतेक धुराविना, म्हणजे चघळून किंवा दातांना चोळून. जुलै २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. विदर्भात मात्र खर्रा आहेच: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घासून दिलेला. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. या पुस्तिकेच्या विषयाशी त्याचा फार थेट संबंध आहे. पुढे ज्या लांब इम्प्लांटबद्दल लिहिलं आहे, ते बसवायला लांब ड्रिल तोंडात तिरपं घालावं लागतं. तोंडात दोन बोटंही जात नसतील, तर गालाचं हाड कितीही चांगलं असो, तिथपर्यंत पोचायची वाटच बंद असते. अशा रुग्णाला आधी तोंड उघडण्याचे उपचार घ्यावे लागतात, आणि खर्रा त्याआधी सोडावा लागतो.

हे सगळं वर्षांच्या हिशेबाने घडणारं. २०२१ च्या उन्हाळ्यात ते काही दिवसांत घडताना नागपूरने पाहिलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले, अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्या जोडीने पसरला. २८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाल्याचं केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. त्यांतल्या ३१,३४४ जणांचा आजार नाकापासून डोळ्याकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्या प्रकारातला होता. महाराष्ट्र सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत होता आणि विदर्भाचे रुग्ण नागपूरकडे येत होते. अनेकांना पहिली खूण दातांनी दिली. कालपर्यंत घट्ट असलेल्या वरच्या दाढा अचानक हलू लागल्या, हिरडीतून पू आला, टाळूवर काळसर डाग उमटला. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि त्या बंद पाडते. रक्त न पोचलेलं हाड मरतं, आणि मेलेल्या हाडात औषधही पोचत नाही. म्हणून ते काढावं लागतं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे 'मेडिकल'च्या, कान-नाक-घसा विभागात, शासकीय दंत महाविद्यालयाच्या मुखशल्य विभागात आणि खासगी रुग्णालयांत त्या महिन्यांत अर्धा किंवा संपूर्ण वरचा जबडा काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. अँफोटेरिसिन-बी मिळेनासं झालं होतं. मेच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं तेव्हा विदर्भाला थोडा धीर आला. राज्य सरकारने हा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोफत केला.

जीव वाचलेले लोक घरी गेले. त्यानंतरची गोष्ट वर्तमानपत्रांत फारशी आली नाही. वरचा जबडा काढला की तोंड आणि नाक यांच्यामधला पडदा राहत नाही. प्यायलेलं पाणी नाकातून येतं. बोलणं इतकं नाकात जातं की फोनवर घरच्यांनाही कळत नाही. गाल आत जातो. असा माणूस पंगतीला बसत नाही, मग लग्नाला जात नाही, मग दुकानावर बसणंही सोडतो. यातले कितीतरी जण चाळिशी-पन्नाशीतले, घर चालवणारे होते.

त्यांच्यासाठी जुना आणि आजही चांगला उपाय म्हणजे ऑब्च्युरेटर: टाळूचं भोक बंद करणारी, दात लावलेली तबकडी. एका बाजूचे दात शिल्लक असतील तर ती त्यांना तारांनी धरून बसते आणि माणूस त्याच दिवशी नीट पाणी पितो. दोन्ही बाजूंचं सगळंच गेलं असेल, तर ती धरणार कशाला? इथे पुन्हा तोच प्रश्न येतो, उरलं आहे ते कुठे. आणि उत्तर बहुतेकदा गालाच्या हाडात मिळतं.

तिथे जाण्याआधी थोडं मागे जायला हवं. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर काढता येईना, हाड त्याला धरून बसलं होतं. ही गोष्ट दंतशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते. मला तिच्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती १९६५ सालची, गोथेनबर्गची. ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियमचे स्क्रू ज्या पहिल्या माणसाच्या जबड्यात बसवले, त्या गोस्टा लार्सन यांची टाळू जन्मतः दुभंगलेली होती, जबड्याची ठेवण बिघडलेली होती आणि खालच्या जबड्यात दात नव्हते. म्हणजे सुरुवातच अवघड जबड्यापासून झाली. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षं ते इम्प्लांट कामात होते. १९८२ च्या टोरांटोच्या परिषदेनंतर जगाने ही पद्धत स्वीकारली, आणि मग ती हळूहळू एखाद-दुसरा दात गेलेल्या, भरपूर हाड असलेल्या लोकांचा उपचार म्हणून ओळखली जाऊ लागली. ज्यांच्यासाठी ती जन्मली त्यांनाच "तुमच्यासाठी नाही" असं सांगितलं जाऊ लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वरच्या जबड्यात अडचण दुहेरी असते. दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. दाढा गेल्या की खालून हाड झिजतं आणि वरून ती पोकळी खाली पसरते. मध्ये कधी दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा उरतो. साधा इम्प्लांट आठ ते सोळा मिलिमीटरचा असतो, तो तिथे कुठे धरणार? १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या हिल्ट टेटम यांनी सायनसचं अस्तर अलगद वर उचलून खाली हाड भरण्याची पद्धत मांडली. १९८० मध्ये बॉइन आणि जेम्स यांनी ती प्रसिद्ध केली. सायनस लिफ्ट म्हणतात ती हीच. पुढचं हाड शाबूत असेल आणि उणीव फक्त मागे असेल, तर ही चांगली, भरवशाची वाट आहे. फक्त भरलेलं हाड पक्कं व्हायला सहा ते नऊ महिने द्यावे लागतात.

पुढे-मागे सगळीकडेच हाड नसेल, तर ते शरीराच्या दुसऱ्या भागातून आणणं हा अनेक वर्षं मुख्य मार्ग होता. कमरेच्या हाडाची कड काढून ती जबड्यावर स्क्रूने बसवायची, ती जिवंत हाडात मिसळायची वाट पाहायची, मग इम्प्लांट, मग पुन्हा तीन ते सहा महिने, मग दात. या मार्गाची बाजू कमकुवत आहे असं मी म्हणणार नाही. तरुण रुग्णात, किंवा जिथे ओठाला आधार देणारा उंचवटाच नव्याने उभा करायचा आहे तिथे, आजही त्याची गरज पडते. पण आणलेल्या हाडाचा काही भाग शरीर विरघळवून टाकतं, आणि किती हे आधी सांगता येत नाही. काही आठवडे कंबर दुखते, चालताना त्रास होतो. मधल्या काळात कवळी घालायची नाही, किंवा जपून घालायची. तंबाखू सुरू असेल किंवा साखर वाढलेली असेल तर कलम उघडं पडून वाया जाण्याचा धोका मोठा. साठी-पासष्टीच्या माणसाला, ज्याला कापूस वेचणीच्या हंगामात नागपूरच्या फेऱ्या जमत नाहीत, एक-दीड वर्षाचा हा प्रवास अर्ध्यात सोडावा लागतो. अर्ध्यात सोडलेल्या कलमात काहीच हाती राहत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं पाहिजे.

ब्रोनेमार्क यांनीच १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुसरी वाट शोधली, आणि ती मूळतः कर्करोगाने किंवा अपघाताने जबडा गमावलेल्यांसाठी होती. हाड जबड्यात आणण्याऐवजी इम्प्लांट हाडापर्यंत न्यायचा. गालाचं हाड, झायगोमा, हे दातांसाठी नसतंच. ते डोळ्याखालचा आधार आहे, चावण्याचा मोठा स्नायू त्याला धरून असतो, म्हणून दात गेले तरी ते झिजत नाही. झायगोमॅटिक इम्प्लांट ३० पासून ५२.५ मिलिमीटरपर्यंत लांब असतो. तो हिरडीच्या जागेतून आत शिरतो, सायनसच्या भिंतीलगत किंवा तिच्यातून वर जातो आणि गालाच्या घट्ट हाडात पक्का होतो. पुढच्या भागात थोडं हाड असेल तर दोन्ही बाजूंना एकेक झायगोमॅटिक आणि पुढे दोन ते चार साधे इम्प्लांट पुरतात. पुढेही काही नसेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन, असे चार झायगोमॅटिक बसवतात. पकड मजबूत आली तर काही दिवसांतच त्यावर पक्के दात चढवता येतात. ज्याचा संपूर्ण वरचा जबडा म्युकरने नेला आणि गालाचं हाड ठेवलं, त्याला याच आधारावर टाळू बंद करणारे दात देता येतात.

याचं आकर्षण कळण्यासारखं आहे, म्हणूनच त्याची जोखीमही त्याच ठळकपणे सांगायला हवी. इम्प्लांटचं टोक डोळ्याच्या खोबणीच्या अगदी जवळून जातं. थोडा कोन चुकला तर इजा गंभीर होते. नंतर सायनसला सूज येणं, तोंड आणि सायनस यांच्यात फट राहणं, गालाला बधिरता येणं, हिरडी मागे सरकून धातू उघडा पडणं, हे सगळं घडतं. हे पूर्ण भूल देऊन किंवा गाढ गुंगीत करण्याचं काम आहे आणि ते रोज करणाऱ्या हातांचं आहे. त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी किंवा सीटी, पाहिल्याशिवाय कुणी "गालाच्या हाडात बसवून देऊ" असं म्हणत असेल तर तिथून उठून यावं. म्युकरच्या रुग्णात तर बुरशी झायगोमापर्यंतही गेलेली असू शकते. आजार पूर्ण संपल्याची खात्री करण्यासाठी काही महिने थांबून पुन्हा स्कॅन करावा लागतो. ज्यांनी आधीच इतकं सोसलं त्यांना "अजून थांबा" सांगणं जिवावर येतं, तरी ते सांगावंच लागतं.

झायगोमाच्या जोडीला किंवा त्याऐवजी जबड्याच्या मागच्या टोकापलीकडे, टेरिगॉइड हाडात, इम्प्लांट नेता येतो. फ्रान्समध्ये ही कल्पना १९८० च्या दशकात पुढे आली. जागा अंधारी, रक्तवाहिन्या जवळ, पण साधली तर सायनसमध्ये हाड भरण्याची गरजच राहत नाही. 'ऑल-ऑन-फोर' हे नाव जाहिरातींत फार दिसतं. लिस्बनचे पाउलो मालो यांनी २००३ च्या सुमारास पुढे आणलेली ही पद्धत चार इम्प्लांटवर पूर्ण दात देते, मागचे दोन तिरपे बसवून. ती चांगली आहे, पण तिला पुढे बऱ्यापैकी हाड लागतं. झीज टोकाला गेलेल्या जबड्याला ती तशीच्या तशी लागू होत नाही, आणि नाव मोठं आहे म्हणून मागून घ्यायची गोष्ट ती नव्हे. 'बेसल' नावाने ओळखले जाणारे, तळाच्या कठीण हाडात रुतणारे एकसंध इम्प्लांट आपल्याकडे 'तीन दिवसांत दात' अशा आश्वासनासह मिळतात. काही रुग्णांना त्यांचा उपयोग झाला आहे. नेहमीच्या इम्प्लांटमागे जितका दीर्घकाळचा तुलनात्मक अभ्यास आहे तितका त्यांच्यामागे नाही, म्हणून माझं मत सावध आहे: घाई हे ते निवडण्याचं कारण असू नये.

एक जुनी पद्धत मात्र नव्या रूपाने परतली आहे, आणि तिच्याबद्दल मला खरी उत्सुकता आहे. १९४० च्या दशकात स्वीडनच्या गुस्टाव दाल यांनी हाडात शिरण्याऐवजी हाडावर, हिरडीखाली, धातूची जाळी बसवायला सुरुवात केली. हिरडी पूर्ण उघडून हाडाचा ठसा घ्यायचा, पुन्हा शिवायची, जाळी ओतून आणायची, पुन्हा उघडायची. ठसा कधी नेमका येत नसे. जाळी हलली की खाली जंतुसंसर्ग, आणि मग काढताना उरलंसुरलं हाडही जाई. पद्धत मागे पडली. आता ठसा सीटी स्कॅन घेतो. संगणकावर त्या एकाच माणसाच्या हाडाच्या मापाची चौकट रेखली जाते आणि टायटॅनियमच्या भुकटीतून ती छापली जाते. गालाच्या आणि नाकाकडेच्या उरलेल्या हाडावर ती स्क्रूंनी घट्ट बसते. म्युकरनंतरच्या रुग्णांसाठी भारतातल्या मुखशल्यचिकित्सकांनी अशा रुग्णाच्या मापाच्या इम्प्लांटचा वापर केला आहे. नव्या रूपाचा वीस-तीस वर्षांचा अनुभव अजून कुणाकडेच नाही, एवढं लक्षात ठेवून तिच्याकडे पाहावं.

खालच्या जबड्याचं उत्तर पुष्कळ साधं आहे, आणि ते पारशिवनीसारख्या तालुक्यासाठी मला सर्वांत मोलाचं वाटतं. खालचा जबडा कितीही झिजला तरी हनुवटीचा भाग बहुधा उरतो. दोन्ही बाजूंच्या नसांमधल्या त्या जागेत दोनच इम्प्लांट बसवायचे आणि त्यावर कवळी बटणासारखी अडकवायची. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हीच पहिली निवड असावी असं मत दिलं. यात कलम नाही, पूर्ण भूल नाही. खर्च पक्क्या दातांच्या मानाने पुष्कळ कमी. कवळी रात्री काढून धुता येते. बटणातली नायलॉनची कडी झिजली की बदलायची, ते काम काही मिनिटांचं. ज्वारीची भाकर पाण्यात कुस्करून खाणाऱ्या माणसाला ती पुन्हा तोडून खाता येते. पक्के दात हवेत म्हणून जमीन गहाण टाकायला निघालेल्या कुटुंबाला मी हा पर्याय आधी समजावून सांगेन. जबडा फारच बारीक असेल तर इम्प्लांटसाठी भोक पाडतानाच तो मोडण्याचं भय असतं. तिथे सहा मिलिमीटरसारखे आखूड इम्प्लांट, किंवा आधी हाडाची भर, असा विचार करावा लागतो.

तंबाखूच्या कर्करोगात खालच्या जबड्याचा तुकडाच काढला जातो, तेव्हा मामला वेगळा होतो. पायाच्या पिंढरीतलं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्यांसह आणून मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. न्यू यॉर्कचे डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये जबड्यासाठी ही पद्धत मांडली. हे हाड जिवंत येतं म्हणून टिकतं, आणि पुढे त्यात इम्प्लांट बसू शकतात. माणूस त्या पायाने चालतो, कारण शरीराचा भार दुसरं हाड पेलतं. मात्र जबड्याला रेडिएशन दिलं गेलं असेल, तर इम्प्लांटच काय, साधा दात काढण्यापूर्वीही कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलणं झालं पाहिजे. रेडिएशन झालेलं हाड जखम नीट भरून काढू शकत नाही आणि ते सडू लागण्याचा धोका असतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून, किंवा कर्करोग हाडात पसरला म्हणून, वर्षातून एकदा किंवा दर काही महिन्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांनीही ते न विसरता सांगावं. झोलेड्रोनिक अॅसिड आणि डेनोसुमॅब ही त्यांतली नावं. ती घेणाऱ्यांच्या जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर मरण्याचा धोका असतो. ती फाइल घरी राहिली, असं होऊ देऊ नये.

आणि इम्प्लांट न घेणं हाही पर्याय आहे. हृदय कमजोर आहे, साखर उतरत नाही, घरात सोबत यायला कुणी नाही, किंवा माणसाला आता शस्त्रक्रिया नको आहे, अशा वेळी काळजीपूर्वक बनवलेली नवी कवळी घेणं ही हार नाही. जीभ आणि गाल यांच्या दाबाचा समतोल जिथे साधतो ती जागा मोजून बनवलेली कवळी झिजलेल्या जबड्यावरही कामाचं चावते. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ती माफक खर्चात होते. त्यासाठी फेऱ्या होतात, वेळ जातो. तरी शिबिरात एका दिवसात मिळालेल्या सैल कवळीने जबडा आणखी घासून घेण्यापेक्षा त्या फेऱ्या केलेल्या बऱ्या.

खर्चाबद्दल. झायगोमॅटिक किंवा रुग्णाच्या मापाच्या इम्प्लांटचं काम खासगीत काही लाखांत जातं. जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो आणि कोणता नाही, हे बदलत असतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून तिथल्या तिथे विचारावं, ऐकीव माहितीवर परत फिरू नये. पण माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. बुरशीने किंवा कर्करोगाने ज्याचा जबडा सरकारी खर्चाने काढला, त्याला पुन्हा खाता-बोलता करणं हा त्याच उपचाराचा उरलेला भाग आहे, आणि तो दानशूरांच्या दयेवर सोडता कामा नये. नागपूर शहर नवेगाव खैरीच्या धरणाचं पाणी पितं. ते धरण पारशिवनी तालुक्यात आहे. त्या तालुक्यातल्या माणसाचा नागपूरच्या सरकारी दवाखान्यांवर हक्क आहे, आणि तो त्याने अवघडून नव्हे, हक्काने मागावा.

कोणताही मार्ग निवडला तरी दात बसले म्हणजे काम संपलं असं होत नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला पायरियासारखाच आजार होतो आणि उरलेलं हाडही जातं. पक्क्या दातांखालून रोज बारीक ब्रश फिरवावा लागतो. ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा ज्यांना नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी काढता येणारे दात जास्त सोयीचे, कारण ते हातात घेऊन धुता येतात. हे शस्त्रक्रियेआधी ठरवायचं असतं. तपासणीला सुरुवातीला दर काही महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा-दोनदा यावंच लागतं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, त्याच फेरीत करून घ्यावी.

शेवटी एका कागदाविषयी, कारण पुस्तिकेत त्याला एकच ओळ मिळाली आहे. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, माप आणि बॅच क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णाच्या कार्डावर लावून मागावी, न लाजता मागावी, आणि कार्डाची झेरॉक्स मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवावी. दहा वर्षांनी एखादा स्क्रू सैल होईल तेव्हा बसवणारे डॉक्टर कदाचित त्या गावात नसतील. कंपनीगणिक स्क्रूची चावी वेगळी असू शकते, आणि नव्या डॉक्टरांनी कोणती चावी हातात घ्यायची हे त्या चिकटपट्टीवरूनच कळतं.